दोन बोटं निकामी, बँडमध्ये ड्रम नाही, तरी जँगोच्या गिटारवर अख्खं पॅरिस ठेका धरायचं

श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराच्या कावड यात्रेत ढोल वाजतो, तेव्हा एक थाप पडली की तिचा घुमारा बराच वेळ रेंगाळतो. खंजिरीचं तसं नाही. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणताना वऱ्हाडात गावोगावी वाजणारी ही खंजिरी म्हणजे लाकडी कडं, ताणलेलं कातडं आणि बारीक झांजा. तिची थाप पडते आणि तिथेच थांबते. पण त्याच कोरड्या आवाजावर अख्खं मंडळ ताल धरतं.

जुन्या जॅझ गिटारचा आवाजही याच जातीचा. लांबत जाणारा गोडवा नाही, तर लाकडावर टकटक केल्यासारखा, उठला की लगेच विरणारा. हा आवाज जगाच्या कानावर घालणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे जँगो रेनहार्ट. विशेष म्हणजे या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी होती.

नावातच माणूस असलेला समाज

२३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबर्शी गावाजवळ, भटक्यांच्या तांड्यातल्या एका गाडीत जँगोचा जन्म झाला. कागदावरचं नाव जाँ रेनहार्ट. त्याचा समाज रोमा. युरोपात त्यांना जिप्सी म्हणून हिणवलं जायचं.

या समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघाले आणि फिरत फिरत युरोपात पोहोचले. त्याचा पुरावा त्यांच्या बोलीत आहे. रोमानी भाषेत पाण्याला पानी, कानाला कान आणि नाकाला नाख म्हणतात. जँगोची शाखा मानूश. या शब्दाचा अर्थ आपल्या माणूस या शब्दाचाच.

आपल्याकडे भटक्या समाजाची पालं गावाबाहेर पडतात, तसे यांचे तांडे पॅरिसच्या वेशीबाहेर असायचे. जँगो तिथेच वाढला. शाळा जवळपास नाहीच. नोटेशन त्याला कधीच वाचता आलं नाही. जे शिकला ते ऐकून आणि दुसऱ्याचे हात बघून. बारा वर्षांचा असताना हातात बँजो आला आणि थोड्याच दिवसांत तो पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांना साथ करू लागला.

मेणबत्ती पडली आणि सगळं बदललं

गोष्ट १९२८ सालची. जँगो १८ वर्षांचा होता. त्याची बायको विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुलं बनवायची. गाडीत त्या फुलांचा ढीग होता. रात्री मेणबत्ती त्यावर पडली. सेल्युलॉइड किती झपाट्यानं पेटतं, हे जुन्या सिनेमाच्या रिळांना लागलेल्या आगींमुळे सगळ्यांना माहीत आहे. दोघं कसेबसे बाहेर पडले, पण जँगोचं अर्धं अंग भाजलं होतं.

डॉक्टरांचं मत होतं की उजवा पाय कापावा लागेल. जँगोनं नकार दिला. पाय वाचला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आखडून गेलं. गिटारवाल्याचा डावा हात म्हणजे सूर धरणारा हात. धंदा संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

धाकटा भाऊ जोसेफनं त्याला एक गिटार आणून दिली. दीड वर्षाच्या आजारपणात जँगोनं वाजवण्याची पद्धतच नव्यानं बसवली. स्वरांच्या ताना फक्त दोन बोटांवर. आखडलेली बोटं काही कॉर्ड धरण्यापुरती. चार बोटं असलेला वादक एकाच जागी हात ठेवून जे वाजवतो, ते जँगो तारेवर वरखाली धावत वाजवायचा.

आता मुद्दा लाकडाचा

त्या काळात गिटारची मोठी अडचण होती. ती ऐकूच यायची नाही. ट्रम्पेट आणि ड्रमसमोर तिचा आवाज बुडायचा. अमेरिकेत गिब्सन कंपनीनं १९२२ साली एल-५ ही गिटार आणली. तिची वरची फळी व्हायोलिनसारखी कोरून कमानदार केलेली होती. युरोपातलं उत्तर वेगळं होतं. मारिओ माकाफेरी या इटालियन कारागिरानं पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी एक गिटार बनवली आणि १९३२ पासून ती बाजारात आली. सेल्मर खरं तर सॅक्सोफोन बनवणारी कंपनी. १९५२ पर्यंत त्यांनी हजारापेक्षाही कमी गिटारी बनवल्या. जँगोचं नाव यातल्याच गिटारशी कायमचं जोडलं गेलं.

नुसती तार फार कमी हवा हलवते. तिचं कंपन घोडीतून वरच्या फळीत उतरतं आणि ती फळी हवा हलवते. सेल्मरची फळी स्प्रूसच्या लाकडाची, अगदी पातळ आणि घोडीपाशी किंचित वाकवलेली. आतून आधाराला आडव्या पट्ट्या. फळी हलकी असली की ती तारेची ताकद पटकन ओढून घेते. त्यामुळे आवाज एकदम मोठा उठतो आणि तारेत काही शिल्लक न राहिल्यानं लगेच संपतो. जड फळीचं उलट असतं. आवाज सावकाश उठतो आणि लांबतो.

आवाज लाकडी वाटण्याचं आणखी एक कारण आहे. या गिटारमध्ये अगदी खालचे जाड सूर कमी आणि मधले सूर जास्त उठून दिसतात. म्हणूनच ती गर्दीतही कान गाठते. त्यात जँगोचा उजवा हात. जाड पिक, मनगट फळीपासून सुटं आणि तारेवर वरून खाली ठोस फटका.

ड्रमशिवाय ठेका

१९३४ साली पॅरिसमध्ये पाच जणांचा बँड उभा राहिला. नाव क्विंटेट द्यु हॉट क्लब द फ्रान्स. जँगो, व्हायोलिनवर स्टीफान ग्रापेली, साथीला दोन गिटार आणि एक डबल बास. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, पियानो नाही. त्या दोन साथीच्या गिटारींपैकी एक जोसेफची होती.

मग ठेका कोण द्यायचं? त्याच दोन गिटारी. तारांवर फटका मारायचा आणि क्षणात डाव्या हाताची बोटं सैल करून आवाज तोडायचा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हा तोडलेला फटका इतका कोरडा पडतो की ड्रम असल्याचा भास होतो. फ्रेंचमध्ये याला ला पोंप, म्हणजे पंप, म्हणतात. आवाज लांबवणाऱ्या गिटारवर हे इतकं नेटकं जमत नाही. लगेच विरणारा आवाज इथे उणीव नव्हती, तोच कामाचा होता.

जॅझची ही लाट तेव्हा मुंबईलाही पोहोचली होती. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीचा बँड वाजला, तोही पॅरिसमध्ये जम बसवलेला. पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत सिनेमाच्या स्टुडिओत नेलं आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांनी ते घराघरांत पोहोचवलं.

जीव वाचला, समाज नाही

१९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा बँड लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. वर्षभरात पॅरिस नाझींच्या ताब्यात गेलं. नाझींना जॅझ नको होतं आणि रोमा माणसं तर जिवंतच नको होती. या काळात किमान दोन लाख रोमांची हत्या झाली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात.

याच पॅरिसमध्ये १९४० साली जँगोची ‘नुआज’ ही रचना आली. नुआज म्हणजे ढग. ती प्रचंड लोकप्रिय झाली. प्रसिद्धीचं कवच होतं, पण त्याच्यावर त्याचा भरवसा नव्हता. १९४३ साली त्यानं स्वित्झर्लंडला पळून जायचा प्रयत्न केला. पकडला गेला, सुटला. पुन्हा गेला, तर स्विस पहारेकऱ्यांनीच परत पाठवलं.

वीज आली, लाकूड मागे पडलं

१९४६ साली ड्यूक एलिंग्टननं त्याला अमेरिकेत नेलं. जँगो आपली गिटार न घेताच गेला आणि तिथल्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवू लागला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये चुंबक थेट तारेचं कंपन पकडतं, त्यामुळे लाकडाचा वाटा घटतो. पुढच्या वर्षांत तो नव्या आवाजात वाजवत राहिला. शेवटच्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा सूर जास्त लांबतो.

१९५१ पासून तो सीन नदीकाठच्या साम्वा गावात राहिला. मासे पकडायचा, चित्रं काढायचा. १६ मे १९५३ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावानं तो गेला. वय फक्त ४३.

१९६४ साली त्याची बायको नागिन हिनं ५०३ क्रमांकाची सेल्मर पॅरिसच्या संगीत संग्रहालयाला दिली. आजही या पद्धतीची गिटार बनवणारे कारागीर तिचीच मापं डोळ्यासमोर ठेवतात. आणि मानूश तांड्यांतली पोरं तो तोडलेला फटका अजूनही जँगोसारखीच शिकतात: कानानं ऐकून, दुसऱ्याच्या हाताकडे बघून.