तंजावरचे सरफोजीराजे

आपल्या खडकवासल्याच्या मुलखांत ज्या शहाजीराजांची जहागीर होती, त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनीं १६७६ च्या सुमारास दूर तंजावरीं राज्य स्थापिलें. त्यांच्यामागें गेलेलीं मराठी कुटुंबें तमिळ देशींच स्थायिक झालीं. दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे याच वंशांतील दत्तक राजे. दत्तविधान अमान्य ठरून त्यांची गादी चुलत्यास मिळाली. श्वार्ट्झ नामक जर्मन मिशनरींनीं पालकत्व पत्करून त्यांस शिकविलें, त्यांचा पक्ष मांडला, आणि १७९८ त सरफोजींस गादी लाभली. पुढील वर्षींच कारभार कंपनीनें घेतला. राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली.

भाषा मात्र त्यांनीं हातची जाऊं दिली नाहीं. पुण्यांत पेशवाई चालू असतांनाच, १८०५ त, त्यांनीं देवनागरी छापखाना काढिला व इसापच्या गोष्टी मराठींत छापविल्या. तमिळ लोकांत भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीचीं नाटकें प्रिय होतीं. राजांनीं तीच चाल घेऊन ‘देवेंद्र कुरवंजी’ हें मराठी नाटक रचिलें व तिच्या मुखीं पृथ्वीचा भूगोल घातला! भूगोल रुक्ष म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें.

धर्म त्यांनीं पूर्वजांचाच पाळिला. तरी गुरूंच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या ख्रिस्तमंदिरांत बसविलें; मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांजपाशीं सरफोजी उभे आहेत, असें तें दृश्य आहे.