लीबिग यांचे खत का फसले? कमी पडणाऱ्या घटकाचा हिशेब

युरियाची आणखी एक गोणी टाकली आणि उत्पादन जागचे हलले नाही, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. बियाणे तेच, पाऊसपाणी बरे, खर्च वाढलेला, आणि काट्यावर मात्र गेल्या वर्षीचाच आकडा. अशा वेळी खत बोगस होते की काय, असा पहिला संशय येतो. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: त्या शेतात नेमके कमी काय पडत होते?

हा प्रश्न शेतीत रुजवणाऱ्यांमध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे नाव मोठे आहे. त्यांचे चरित्र आपल्याला दोन कारणांनी उपयोगी आहे. कमी पडणाऱ्या घटकाचा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो, हे पहिले कारण. दुसरे असे, की त्यांनी स्वतः तयार केलेले खत याच नियमाला अडून शेतात फसले.

दुकानात शिकलेले रसायन

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट गावी झाला. वडील रंग, व्हार्निश आणि रसायने तयार करून विकत. शाळेत मुलाचे मन रमले नाही, पण वडिलांच्या कार्यशाळेत काय कशात मिसळले की काय होते, हे तो पाहत गेला आणि करूनही बघू लागला.

तो तेरा वर्षांचा असताना, १८१६ साली, युरोपात उन्हाळा पडलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला होता आणि त्याचा परिणाम जगभरच्या हवामानावर झाला. थंडी आणि पावसाने पिके गेली, धान्य महागले, जर्मनीत लोकांची उपासमार झाली. पुढे अन्नधान्य आणि जमिनीचा कस यांवर आयुष्याची अनेक वर्षे घालवणाऱ्या माणसाचे बालपण अशा काळातले आहे.

काही काळ औषध विक्रेत्याकडे उमेदवारी करून लीबिग बॉन आणि एर्लांगेन येथे शिकले. १८२२ मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथे गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करायला मिळाले. १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी नुसती व्याख्याने न ऐकता स्वतः हाताने प्रयोग करून शिकायचे, ही त्यांची पद्धत होती. ती पाहायला आणि शिकायला परदेशातूनही तरुण गीसेनला येऊ लागले.

तराजूवर मांडलेला हिशेब

लीबिग यांची पहिली मोठी ओळख झाली ती पदार्थातील कार्बन मोजण्याच्या उपकरणामुळे. १८३१ च्या सुमारास त्यांनी काचेचे पाच फुगे जोडून ते तयार केले. वनस्पतीतला एखादा पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर तापवून पूर्ण जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात शोषू द्यायचा आणि फुग्यांचे वजन किती वाढले ते पाहायचे. दर ४४ भाग वाढीमागे १२ भाग कार्बन, असा सरळ हिशेब.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कॉपर ऑक्साइड मुद्दाम गरजेपेक्षा जास्त घेतात. ते कमी पडले तर पदार्थ अर्धवट जळेल आणि मोजमाप चुकेल. कोणता घटक संपू द्यायचा आणि कोणता उरू द्यायचा, हे आधी ठरवावे लागते. जो घटक आधी संपतो, तो तयार होणाऱ्या मालाची मर्यादा ठरवतो. रसायनशास्त्रात त्यालाच लिमिटिंग रिअ‍ॅक्टंट म्हणतात. आपण त्याला मर्यादा घालणारा घटक म्हणू.

हाडे, आम्ल आणि सुपर फॉस्फेट

१८४० मध्ये लीबिग यांचे शेतीच्या रसायनशास्त्रावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पीक जमिनीतला कुजका सेंद्रिय भाग, म्हणजे ह्यूमस, खाऊन वाढते, अशी तेव्हाची समजूत होती. लीबिग यांनी ती खोडून काढली. जंगलातून दरवर्षी लाकूड बाहेर जाते, तरी तिथला ह्यूमस घटत नाही, उलट वाढतो. म्हणजे झाडातला कार्बन हवेतून येतो आणि जमिनीतून येतात ती स्फुरद, पालाश, चुना यांसारखी खनिजे. त्याच पुस्तकात त्यांनी हाडांच्या चुऱ्यावर गंधकाम्ल टाकण्याची सूचना केली, म्हणजे स्फुरद पिकाला लवकर मिळेल. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी अशा प्रक्रियेचे पेटंट घेतले. आज तुम्ही वापरता ते सिंगल सुपर फॉस्फेट याच वाटेने आले आहे.

मर्यादा घालणारा घटक कसा शोधायचा, हे याच खतावरून पाहू. शुद्ध पदार्थ धरले तर हिशेब असा आहे:

- ३१० किलो कॅल्शियम फॉस्फेटला १९६ किलो गंधकाम्ल लागते.
- त्यातून २३४ किलो विद्राव्य फॉस्फेट आणि २७२ किलो कॅल्शियम सल्फेट मिळते.
- आत गेले ५०६ किलो, बाहेर आले ५०६ किलो. वजन कुठे हरवत नाही.

आता समजा, फॉस्फेट पूर्ण ३१० किलो आहे, पण आम्ल फक्त ९८ किलो. दोन्हींचे वजन पाहून आम्ल कमी आहे असे म्हणणे पुरेसे नाही. प्रत्येक घटक किती मालाला पुरेल ते काढायचे. फॉस्फेट २३४ किलो मालाला पुरते. आम्ल गरजेच्या निम्मे आहे, म्हणून ते ११७ किलोलाच पुरते. यातला लहान आकडा खरा. विद्राव्य फॉस्फेट ११७ किलोच तयार होईल आणि १५५ किलो कच्चे फॉस्फेट तसेच पडून राहील. अशा वेळी आणखी कच्चे फॉस्फेट टाकले तर नुसता ढीग वाढेल, माल वाढणार नाही.

हे ११७ किलो कागदावरचे उत्पादन झाले. प्रत्यक्षात १०० किलोच हाती आले, तर उतारा सुमारे ८५ टक्के म्हणायचा. उरलेला भाग गळती, अपुरे मिश्रण, अपुरा वेळ यांत जातो.

हाच हिशेब शेतात

पिकाचेही असेच आहे. जमिनीत सर्वांत कमी पडणारे अन्नद्रव्य उत्पादन रोखून धरते आणि बाकीची कितीही वाढवली तरी ती अडचण दूर होत नाही. हा विचार कार्ल श्प्रेंगेल या जर्मन कृषी रसायनशास्त्रज्ञांनी १८२६ आणि १८२८ मध्येच मांडला होता. लीबिग यांनी तो पुढे ठामपणे मांडून जगभर पोहोचवला. म्हणून जर्मनीत आता दोघांचेही नाव या नियमाला जोडतात. प्रशिक्षणात दाखवतात ते आखूड फळीच्या पिंपाचे चित्रही लीबिग यांचे नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आले.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी धरले आहेत, शिफारस म्हणून नाहीत. समजा, एका पिकाला एक क्विंटल धान्यासाठी अडीच किलो नत्र, एक किलो स्फुरद आणि अडीच किलो पालाश उचलावे लागते. हेक्टरी पिकाला प्रत्यक्ष मिळू शकते ते असे:

- नत्र १०० किलो, म्हणजे ४० क्विंटलला पुरेल.
- स्फुरद २५ किलो, म्हणजे २५ क्विंटलला पुरेल.
- पालाश ९० किलो, म्हणजे ३६ क्विंटलला पुरेल.

उत्पादन २५ क्विंटलपाशी थांबेल. इथे युरिया वाढवणे म्हणजे आम्ल संपल्यावर फॉस्फेटचा ढीग वाढवणे. पिकाला मिळणारे स्फुरद १५ किलोने वाढवले, तर ते ४० क्विंटलला पुरेल. पण उत्पादन ४० होणार नाही. आता पालाश आडवे येईल आणि गाडी ३६ वर थांबेल. एक उणीव भरली की दुसरी पुढे येते, हे विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याला आवर्जून सांगावे.

पेटंट खत आणि त्याची फजिती

लीबिग यांचा पुढचा विचार सरळ होता. पीक जाळून राख तपासायची, राखेत जी खनिजे जितकी सापडतील तितकी जमिनीला परत द्यायची. या हिशेबाने त्यांनी निरनिराळ्या पिकांसाठी खते आखली आणि १८४५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मस्प्राट यांच्या कारखान्यातून ती बाजारात आली. नाव मोठे होते, अपेक्षाही मोठ्या होत्या. शेतात मात्र खताने काम केले नाही. ज्यांनी पैसे मोजले त्या शेतकऱ्यांच्या पदरी निराशा आली.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली विद्राव्यतेची. पावसाने खत वाहून जाईल या भीतीने त्यांनी खनिजे भट्टीत वितळवून सहज न विरघळणारी केली. घटक जमिनीत होता, पण मुळांना मिळत नव्हता. १८५० मध्ये थॉमस वे यांच्या प्रयोगांतून दिसले, की माती अमोनिया, पालाश यांसारखी द्रव्ये स्वतःच धरून ठेवते. म्हणजे खत दगडासारखे करण्याची गरजच नव्हती.

दुसरी चूक नत्राची. पीक जाळले की नत्र धुराबरोबर निघून जाते, राखेत राहत नाही. राखेवरून केलेल्या हिशेबात ते दिसणार कसे? शिवाय पावसाच्या पाण्यात अमोनिया सापडतो, तेव्हा पिकाला पुरेसे नत्र हवेतूनच मिळते, असे लीबिग यांचे मत झाले होते. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड येथे लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाचे पट्टे पाडून प्रयोग सुरू केले होते. गिल्बर्ट हे लीबिग यांचेच विद्यार्थी. नुसती खनिजे दिलेल्या पट्ट्यात गहू फारसा वाढला नाही, अमोनियाचे क्षार दिले तिथे वाढला. त्या शेतात आखूड फळी नत्राची होती, आणि नेमकी तीच नियमाच्या पुरस्कर्त्याच्या खतात नव्हती. तिथला ब्रॉडबॉक हा गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे.

या मुद्द्यावर गुरू-शिष्यांचा वाद अनेक वर्षे गाजला. लीबिग १८५२ मध्ये म्युनिकला गेले. १८६२ मध्ये पुस्तकाची सातवी आवृत्ती काढताना त्यांनी खत अविद्राव्य करण्यातली चूक उघडपणे मान्य केली. नत्राबाबत मात्र ते पूर्ण वळले नाहीत. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र कसा वापरात आणतात, हे १८८६ मध्ये हेलरीगेल यांनी दाखवले. ते पाहायला लीबिग नव्हते. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले होते.

उतारवयात त्यांना एका गोष्टीची चिंता होती. धान्यातून जमिनीचा कस शहरात जातो आणि तिथून गटारांतून समुद्रात. जे नेले ते परत न देणारी शेती म्हणजे जमिनीची लूट, असे ते मानत. लंडनचा मैला शेतीकडे वळवावा, असा आग्रहही त्यांनी धरला होता.

तुमच्या शेतासाठी

लीबिग यांचा नियम बरोबर होता. चुकला तो कमी पडणाऱ्या घटकाचा अंदाज. आपल्याकडेही अंदाजच चुकतो, म्हणून एवढे करा:

- खत घेण्याआधी माती परीक्षण करा. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त आणि लोहही पाहा.
- जमिनीत आहे आणि पिकाला मिळते, यात फरक आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि जस्त, लोह मुळांना मिळणे अवघड होते.
- पाणी हाही मर्यादा घालणारा घटक आहे. कोरडवाहू शेतात ओल नसताना दिलेले खत मुळांपर्यंत पोहोचत नाही.
- शेत म्हणजे काचेचे भांडे नव्हे. आखूड फळीच्या जवळ येताना प्रत्येक वाढीव किलोमागे मिळणारे उत्पादन कमी होत जाते. त्यामुळे शेवटच्या गोणीचा खर्च आणि तिच्याने वाढलेला माल यांचा मेळ घाला.
- नवीन खत वापरताना दोन गुंठ्यांचा पट्टा त्या खताशिवाय ठेवा. बाकी मशागत, पाणी, बियाणे सारखेच ठेवा. काढणीला दोन्ही पट्ट्यांचे धान्य वेगळे मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. लीबिग यांची चूक इंग्लंडमध्ये अशाच शेजारशेजारच्या पट्ट्यांनी दाखवून दिली होती.