ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

मला कुस्ती फार आवडते. म्हणून मी तुम्हांला एका थोर मल्लाची माहिती सांगतो. त्यांचे पूर्ण नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांनी त्यांना लहानपणीच कुस्ती शिकवली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. खाशाबा अंगाने लहानखुरे, पण फार चपळ होते.

इ. स. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला. आपल्याकडे यात्रेत मातीत दंगल होते, तशीच कुस्ती खाशाबांना ठाऊक होती. तिथे मात्र कुस्ती गादीवर, नियमही वेगळे. तरी त्यांचा सहावा नंबर आला.

पुढचे सामने १९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकी येथे होते. खाशाबांची निवड झाली, पण जायला पैसे नव्हते! मग त्यांनी वर्गणी गोळा केली. गावातल्या लोकांनी जमेल तसे पैसे दिले. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. स्वतःच्या मुलासाठी कोणीही घर गहाण ठेवील, पण दुसऱ्याच्या मुलासाठी कोण ठेवतो? मला वाटते, गादीवर उतरताना खाशाबांना ते घर नक्कीच आठवले असेल.

तिथे त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपान व रशियाच्या मल्लांकडून मात्र ते हरले. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक! त्यानंतरचे असे पदक थेट १९९६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी, टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले.

खाशाबा परत आले तेव्हा त्यांना घ्यायला शंभराच्या वर बैलगाड्या कऱ्हाड स्टेशनावर आल्या होत्या. ढोल, लेझीम, नुसता गुलाल! पण खाशाबा नुसते मिरवत बसले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मला ही गोष्ट पदकापेक्षाही मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, पण तो घ्यायला खाशाबा हयात नव्हते. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतात.

आपल्या गावातही कोणी पोरगा किंवा पोरगी चांगली खेळत असेल, तर मोठ्या माणसांनी त्यांना मदत करावी. आणि ज्यांनी मदत केली त्यांना आपण विसरू नये. अशा या थोर मल्लाला माझे वंदन.

— इयत्ता ४ थीचा विद्यार्थी, फैजपूर