पाण्याखालचा एकच हिरो

क्रिकेट म्हटलं की सचिन, कुस्ती म्हटलं की खाशाबा जाधव आणि धावणं म्हटलं की आपल्या नाशिककरांना कविता राऊत आठवते. आता मित्रांनो, स्कूबा डायव्हिंगमधला एक स्टार सांगा बरं! हा प्रश्न मी मेसमध्ये टाकून बघितला. तारकर्लीला जाऊन माशांबरोबर फोटो काढून आलेले वीरसुद्धा गप्प. शेवटी कोपऱ्यातून एक नाव आलं : कूस्तो. गंमत म्हणजे हा माणूस कुठली शर्यत जिंकला म्हणून प्रसिद्ध झालेला नाही. मग झाला कसा? त्यासाठी त्याचं आयुष्यच बघायला हवं.

झाक-इव्ह कूस्तो याचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळच्या एका लहान गावातला. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. पण मोटारीचा भीषण अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमान कायमचं सुटलं. हातात बळ यावं म्हणून तूलाँ बंदरात फिलिप ताइये नावाच्या सहकाऱ्याने त्याला पोहायला लावलं आणि डोळ्यांना पाण्यातला चष्मा दिला. त्या चष्म्यातून समुद्राचा तळ दिसला आणि गडी तिथलाच झाला. पुढे फ्रेदेरिक द्युमा हा तिसरा दोस्त येऊन मिळाला.

दम रोखून किती वेळ खाली राहणार? मिनिट, दोन मिनिटं. पाठीवर हवा घेऊन जायचे प्रयोग आधीही झाले होते. १८६० च्या दशकात रुकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंच जोडीने श्वासाबरोबर हवा सोडणारं यंत्र केलं होतं, पण त्या काळात पुरेशा दाबाची टाकीच नव्हती. १९२६ मध्ये ल प्रियरने टाकी आणली, पण तिची चावी हाताने फिरवावी लागे.

आता आपल्या कामाचा भाग. कूस्तोची बायको सिमोन हिचे वडील एअर लिक्विड या गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या ओळखीतून १९४२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये त्याची गाठ एमिल गान्यां या इंजिनिअरशी पडली. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, गाड्या गॅसवर चालवाव्या लागत होत्या आणि इंजिनला हवा तेवढाच गॅस सोडणारा व्हॉल्व्ह गान्यांने बनवला होता. आज रिक्षाला गॅस किट असतं ना, त्याच जातीचं काम. इंजिनच्या जागी माणसाचं फुप्फुस धरा, झालं!

झालं म्हणजे लगेच झालं नाही. १९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या मार्न नदीत, गारठलेल्या पाण्यात कूस्तो उतरला. आडवं पोहताना यंत्र छान चाले. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड होई. कारण एकदम फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमधलं आहे. सोडलेला श्वास बाहेर पडायचं तोंड आणि पाण्याचा दाब ओळखणारा पडदा यांच्या उंचीत थोडासा फरक होता, आणि पाण्यात उंचीचा फरक म्हणजे दाबाचा फरक. दोन्ही एका पातळीवर आणली आणि प्रश्न सुटला. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात या तिघांनी यंत्र कसून वापरून बघितलं. आज तारकर्लीला तोंडात धरतात ते नळकांडं त्याच वंशातलं.

मग एवढ्या सोप्या साधनावर स्पर्धा का नाही फोफावली? आकडे बघा. दहा मीटरला दाब दुप्पट, चाळीस मीटरला पाचपट. जी टाकी वर तासभर पुरते ती चाळीस मीटरला बारा मिनिटांत संपते. शिवाय खोलवर नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि घाईने वर आलं तर तोच रक्तात बुडबुडे करतो. म्हणजे ज्याने जोर लावला, घाई केली तो फसला. इथे चांगला खेळाडू तो, ज्याच्या बाबतीत काहीच घडत नाही. असला खेळ गॅलरीतून बघणार कोण, आणि टाळ्या कशाला वाजवणार?

या मंडळींनी आकड्याचा नादही करून बघितला होता. १९४७ मध्ये त्यांनी खोलीची चाचणी घेतली. दोराला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या, जो जिथवर पोचेल त्याने तिथल्या पाटीवर सही करून यायचं. मॉरिस फार्ग या त्यांच्याच साथीदाराने १२० मीटरच्या पाटीवर सही केली. दोराने वर ओढलं तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती. तो वाचला नाही. त्या पाटीवरची सही हा त्या दिवशीचा विक्रमच, पण त्याचं नाव आपल्याला माहीत नव्हतं.

कूस्तोचं नाव झालं ते कॅमेऱ्यामुळे. १९५० मध्ये त्याला एक जुनी सुरुंगशोधक बोट मिळाली, तिचं नाव कॅलिप्सो. तिच्यावरून लुई मालबरोबर केलेल्या समुद्राच्या माहितीपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, नंतर ऑस्करही. पुढे अमेरिकन टीव्हीवर वर्षानुवर्षं त्याची मालिका चालली. लाल लोकरी टोपी घातलेला सडपातळ म्हातारा घराघरात पोचला. खरं सांगायचं तर त्या चित्रपटात मासे मोजायला प्रवाळात सुरुंग उडवलेला आहे आणि शार्क मारलेले आहेत. आज ते बघवत नाही. पण १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायला विरोध करणारा कूस्तोही हाच.

१९६२ मध्ये त्याने दोन माणसांना आठवडाभर पाण्याखालच्या घरात ठेवलं, तेही मार्सेलिसजवळ. हो, तेच मार्सेलिस! भगूरच्या सावरकरांनी जिथे बोटीतून उडी मारली, तेही कूस्तोच्याच जन्मवर्षी, ८ जुलै १९१० ला. असो.

पाण्याखालच्या खेळांची जागतिक संघटना १९५९ मध्ये निघाली, तिचा पहिला अध्यक्षही कूस्तोच. ती संघटना आजही स्पर्धा भरवते. विजेत्यांची नावं मेसमध्ये कोणाला आली नाहीत, मलाही येत नव्हती.

घरातलं चित्र तेवढं रंगीत नाही. सिमोन नवऱ्यापेक्षा जास्त काळ कॅलिप्सोवर राहिली, पण कॅमेऱ्यासमोर फारशी आली नाही. १९९० मध्ये ती गेली. त्याआधी १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप, बापाच्या चित्रपटांतला उजवा हात, लिस्बनजवळ पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात गेला होता. १९९६ मध्ये कॅलिप्सो सिंगापूरच्या बंदरात बुडाली आणि २५ जून १९९७ रोजी, ८७ व्या वर्षी, कूस्तो पॅरिसमध्ये वारला.

आणि गान्यां? तो १९४७ मध्येच कॅनडाला निघून गेला होता. तिथे तो नवनवे रेग्युलेटर तयार करत राहिला. त्या पहिल्या यंत्राच्या पेटंटवर दोघांचीही नावं आहेत.