आचार्य धर्मानंद कोसंबी : एका ज्ञानयात्रिकाचे चरित्र

गोव्यातील साखवाळ या खेड्यात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना रीतसर शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. घरची बोली कोंकणी, काम नारळाच्या बागेचे. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि हा धर्म मूळ ग्रंथांतून जाणण्याची ओढ त्यांना लागली. त्या ग्रंथांची भाषा पाली. ती शिकण्याची सोय त्या काळी आपल्याकडे जवळजवळ नव्हतीच.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. पुण्यात आणि काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढले. पुढे नेपाळ, बोधगया आणि १९०२ साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणी त्यांनी पालीचा अभ्यास केला, त्यानंतर ब्रह्मदेश गाठला. या साऱ्या काळात पत्नी बाळाबाई तान्ह्या मुलीसह गोव्यात मागे राहिल्या होत्या. आचार्यांच्या विद्येचे मोल त्यांनीही चुकते केले, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही.

परतल्यावर कलकत्त्यात त्यांना अध्यापनाची चांगली नोकरी मिळाली. तथापि महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पसंत केले. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या या पाली ग्रंथाचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आरंभिले होते. कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी वॉरन निवर्तले. सिंहली आणि बर्मी लिपींतील पोथ्या ताडून शुद्ध पाठ रोमन लिपीत सिद्ध करावयाचा, असे ते काम. श्रेय कोणाच्या नावावर जावे यावरून मतभेद झाले व १९१२ साली ते परतले. मात्र काम त्यांनी टाकले नाही. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. १९२९ साली ते लेनिनग्राडलाही गेले.

आम्हां आंबेडकरी वाचकांना त्यांचे गांधीजींच्या वर्तुळातील राहणे खटकते, ते लपवू नये. परंतु १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत श्रमिक व अस्पृश्य जनांसाठी उभा राहिलेला ‘बहुजन विहार’ही त्यांचाच. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांनी मूळ पाली ग्रंथांच्या कसोटीवर घासून बाजूला सारली. पुढे बाबासाहेबांनीही ती नाकारली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलियांतील तंटा येतो. कोसंबींचे लक्षही याच तंट्याकडे गेले होते. दोघांनी पुराव्याची मागणी केली, आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस हे नाते राजकीय मतभेदांहून मोठे वाटते.

कोरीटच्या परिसरातील ज्या मुलांची घरची बोली पुस्तकातील मराठीहून वेगळी आहे, त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे. कोंकणी बोलणाऱ्या या माणसाने आपले बहुतेक ग्रंथ मराठीत लिहिले.

१९४० साली त्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत भारतीय विद्या भवनाने काढला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची रोमन आवृत्ती निघाली ती १९५० साली, वॉरन आणि कोसंबी या दोघांची नावे घेऊन.