भुकेल्या मुलांचे गुरुजी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील ग्लासगो हे शहर उद्योगधंद्यांनी गजबजून गेले होते. क्लाइड नदीच्या काठी प्रचंड जहाजे बांधली जात. कारखान्यांची धुराडी अहोरात्र धूर ओकीत. परंतु या वैभवाच्या सावलीतच शहराचा पूर्व भाग दारिद्र्यात बुडालेला होता. तेथे एकेका अंधाऱ्या खोलीत अख्खे कुटुंब दाटीवाटीने राही. कडाक्याच्या थंडीतही मुले अनवाणी हिंडत आणि पुष्कळदा उपाशीपोटीच शाळेत येत. या मुलांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून एका शिक्षकाने फुटबॉलचा एक संघ उभा केला. पुढे तो संघ जगप्रसिद्ध झाला. त्या संघाचे नाव सेल्टिक आणि त्या शिक्षकांचे नाव ब्रदर वॉलफ्रिड.

वॉलफ्रिड यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. त्यांचा जन्म १८ मे १८४० रोजी आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात, बॅलिमोट या गावी झाला. त्या काळी बटाटा हेच आयर्लंडमधील गोरगरिबांचे मुख्य अन्न होते. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि शेतेच्या शेते कुजून गेली. पुढील काही वर्षे हा दुष्काळ हटला नाही. सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराई यांना बळी पडली आणि दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागली. दुष्काळ सुरू झाला तेव्हा अँड्र्यू अवघा पाच वर्षांचा होता. भूक म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, अँड्र्यू पोटासाठी गाव सोडून ग्लासगोला आला. तेथे रेल्वेच्या कामावर राहून तो गुजराण करू लागला. परंतु केवळ स्वतःचे पोट भरण्यात त्याचे मन रमेना. १८६४ साली तो मॅरिस्ट या धर्मसंघात सामील झाला. या संघातील लोक अविवाहित राहत, स्वतःची मालमत्ता बाळगीत नसत आणि मुलांना शिकविण्यात आयुष्य वेचीत. ते एकमेकांना ब्रदर, म्हणजे बंधू, असे संबोधीत. संघाच्या रिवाजाप्रमाणे अँड्र्यूने आपले जुने नाव टाकून वॉलफ्रिड हे नाव धारण केले. पुढे ग्लासगोच्या पूर्व भागातील शाळांत त्यांनी अध्यापन केले आणि १८७४ साली ते ब्रिजटन येथील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक झाले.

त्यापूर्वी दोनच वर्षे, १८७२ साली, स्कॉटलंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता. कायद्याने मूल शाळेत आणून बसविता येई. त्याचे पोट भरण्याची तरतूद मात्र त्या कायद्यात नव्हती. ज्याच्या पोटात काही नाही, त्याच्या डोक्यात अक्षर शिरणार कसे? हा प्रश्न वॉलफ्रिड यांना स्वस्थ बसू देईना. ब्रदर डोरोथियस या आपल्या सहकाऱ्याच्या मदतीने १८८४ साली त्यांनी शाळकरी मुलांसाठी स्वस्त भोजनाची योजना सुरू केली. एका पेनीत मुलाला पोटभर गरम जेवण मिळे. ज्याच्या घरून पावाचा तुकडा येई, त्याला अर्ध्या पेनीत वाडगाभर गरम सूप मिळे. आपण भीक मागून खातो असे मुलांना वाटू नये, म्हणून ही अल्पशी किंमत ठेवलेली होती. परंतु ज्यांच्यापाशी तेवढेही नसे, त्यांनाही विन्मुख धाडले जात नसे.

अर्थात, मुलांकडून मिळणाऱ्या पेनींत हा खर्च भागणे शक्य नव्हते. दानशूर लोकांकडून मिळणारी मदतही अपुरी पडे. अशा वेळी वॉलफ्रिड यांचे लक्ष फुटबॉलकडे गेले. शनिवारी दुपारी कारखाने सुटले की हजारो कामगार तिकीट काढून फुटबॉलचे सामने पाहावयास जात. या पैशाचा काही भाग मुलांच्या ताटात का पडू नये, असा विचार करून त्यांनी मदतीसाठी सामने भरविले. एडिंबरो शहरातील आयरिश लोकांचा हायबर्नियन हा नामांकित संघही त्यांच्या विनंतीवरून खेळावयास आला. १८८७ च्या प्रारंभी याच संघाने स्कॉटिश चषक जिंकला. त्या विजयाने ग्लासगोतील आयरिश वस्तीत आनंदाला उधाण आले. आपल्याही शहराचा असा एक संघ असावा, ही कल्पना तेव्हा मूळ धरू लागली.

६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टन भागातील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात बैठक भरली आणि संघाची स्थापना झाली. नाव काय ठेवावे यावर बरीच चर्चा झाली. वॉलफ्रिड यांनी सेल्टिक हे नाव सुचविले. आयरिश आणि स्कॉटिश या दोन्ही लोकांचे पूर्वज सेल्ट वंशाचे मानले जात. आश्रयाला आलेले आणि मूळचे रहिवासी या दोघांनाही आपले वाटावे असे ते नाव होते.

संघाला नाव मिळाले. पण मैदान नव्हते. पार्कहेड येथे दफनभूमीच्या शेजारी एक मोकळी जागा वर्षाला पन्नास पौंड भाड्याने घेण्यात आली. मजूर लावण्याइतका पैसा नव्हता. मग वस्तीतील लोकच दिवसाचे काम आटोपून कुदळ-फावडी घेऊन आले. त्यांनी जमीन सपाट केली, मातीचे बांध घातले आणि लाकडी बैठका उभारल्या. सहा महिन्यांत मैदान तयार झाले.

दरम्यान खेळाडूंचा शोध चालू होता. डिसेंबर १८८७ मध्ये वॉलफ्रिड आणि त्यांचे सहकारी टॉम मेली नावाच्या खेळाडूच्या घरी गेले. टॉम बाहेर गेला होता. घरी होता त्याचा एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ विली. जाता जाता वॉलफ्रिड यांनी त्यालाही संघात येण्याचे आमंत्रण दिले. हा विली पुढे जवळजवळ त्रेचाळीस वर्षे सेल्टिकचा कारभार पाहणारा थोर व्यवस्थापक झाला.

२८ मे १८८८ रोजी सेल्टिकचा पहिला सामना रेंजर्स या संघाशी झाला. सुमारे दोन हजार प्रेक्षक जमले होते. नील मॅककॅलम याने सेल्टिकचा पहिला गोल केला आणि सामना पाच विरुद्ध दोन अशा फरकाने जिंकला गेला. पहिल्याच मोसमात हा नवखा संघ स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे त्याचा पराभव झाला. परंतु त्या वर्षी गरिबांच्या मदतीसाठी संघाने चारशे पौंडांहून अधिक रक्कम दिली. मुलांच्या ताटातील अन्न आता मैदानावरून येऊ लागले.

तथापि, यशाबरोबर नव्या अडचणीही आल्या. मैदानावर गर्दी लोटते आहे असे पाहून जमीनमालकाने पन्नास पौंडांचे भाडे एकदम साडेचारशेवर नेले. संघाने ती जागा सोडली आणि जवळच्याच एका पडीक वीटभट्टीच्या जागेवर नवे मैदान उभारले. तेथील पाण्याने भरलेला खोल खड्डा हजारो गाड्या माती टाकून बुजवावा लागला. १८९२ च्या एप्रिल महिन्यात सेल्टिकने क्वीन्स पार्क या संघाला पाच विरुद्ध एक असे हरवून प्रथमच स्कॉटिश चषक पटकावला.

याच वैभवाच्या क्षणी, १८९२ च्या ऑगस्टमध्ये, वॉलफ्रिड यांची धर्मसंघाने लंडन येथे बदली केली. ज्या रोपट्याला पाणी घातले, त्याला फळ धरू लागले असतानाच ते सोडून जावयाचे होते. परंतु आज्ञापालन हे त्यांचे व्रत होते. ते निघून गेले.

त्यांच्या पश्चात संघाचे रूप झपाट्याने पालटले. खेळाडूंना उघडपणे वेतन देण्यास स्कॉटलंडमध्ये तोवर मनाई होती. १८९३ साली ती उठली आणि सेल्टिक हा व्यावसायिक संघ झाला. खर्च वाढला, तशी पैशाची निकडही वाढली. संघाचा मूळ हेतू न विसरण्याचा आग्रह धरणारे काही सभासद होते. पण त्यांचे फारसे चालले नाही. १८९७ साली संघाचे रूपांतर भागधारकांच्या कंपनीत झाले. खेळाची कीर्ती वाढत गेली. मुलांच्या भोजनासाठी जाणारा पैशाचा ओघ मात्र आटला.

आपल्या कार्याला असे वळण लागले म्हणून वॉलफ्रिड हातपाय गाळून बसले नाहीत. लंडनच्या पूर्व भागातही ग्लासगोसारखीच गरिबी होती आणि तशीच अनवाणी मुले होती. त्या मुलांसाठी त्यांनी तेथे फुटबॉलचे सामने भरविण्यास प्रारंभ केला. जुन्या सहकाऱ्यांविषयी त्यांनी मनात अढी धरली नाही. १९११ साली सेल्टिकचा संघ युरोपचा दौरा करून परत येत असता, सत्तरी ओलांडलेले वॉलफ्रिड लंडनमध्ये खेळाडूंना भेटले. एके काळी ज्याला घरी जाऊन बोलावले होते, तो विली मेली आता संघाचा प्रमुख होता. जुन्या सोबत्यांपैकी फार थोडे मागे उरले होते.

१९१२ साली वॉलफ्रिड निवृत्त होऊन स्कॉटलंडमधील डमफ्रीस येथे राहावयास गेले. १७ एप्रिल १९१५ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे ना घर होते, ना धन.

१९६७ साली सेल्टिकने युरोपियन चषक जिंकला. तो जिंकणारा तो पहिलाच ब्रिटिश संघ होय. त्या संघातील सर्व खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. १९९५ साली क्लबने स्वतंत्र धर्मादाय निधी स्थापन केला आणि शंभर वर्षांपूर्वीचा विसरलेला वसा पुन्हा हाती घेतला. २००५ साली मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी वॉलफ्रिड यांचा पुतळा उभारण्यात आला. सामना पाहण्यास जाणारे हजारो लोक त्या पुतळ्यासमोरून जातात. तो पुतळा एखाद्या विजयी वीराचा नाही. वर्गातील मुलांची भूक ज्यांना पाहवली नाही, अशा एका साध्या शिक्षकाचा आहे.