खुर्ची सोडणारे छागला

2022 च्या फुटीनंतर ‘व्हिप’ हा शब्द उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. आमदार पक्षाबरोबर की विरोधात, एवढंच आपण बघतो. आम्हाला अशा वेळी बॅरिस्टर मोहम्मदअली करीम छागला आठवतात.

जन्म मुंबईचा, 1900 सालचा. जिनांच्या हाताखाली वकिली केली, पण त्यांचं राजकारण पटेनासं झालं तेव्हा साथ सोडली. 1947 ते 1958 मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, 1963 मध्ये नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. अलीगढ विद्यापीठाबद्दलच्या 1965 च्या वटहुकमाला ते सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि समाज नाराज झाला. ती नाराजी आम्हाला रास्तच वाटते.

पण तोच माणूस 1967 मध्ये परराष्ट्रमंत्री असताना सरकारच्या भाषा-धोरणावर अडला. उच्च शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेऊ नये, असं त्यांचं मत. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हता, तो 1985 चा. तरी मंत्रिमंडळात राहून सरकारविरुद्ध मत देता येत नाही. छागलांनी राजीनामा दिला. आणीबाणीत, पंच्याहत्तरीत, अहमदाबादला जाऊन ते जाहीरपणे सरकारविरुद्ध बोलले. 1981 मध्ये त्यांचं निधन झालं.